चार विषय आणि एक नाली

कोणी मेट्रोत उभं राहून ऐकत असेल, कोणी गाडी चालवताना (हेल्मेटच्या आत इअरफोन नको, आधीच सांगतो), कोणी रात्री गच्चीवर पडून. आजचा विषय ऐकल्यावर अर्धे लोक पुढचा भाग लावतील, हे मला माहीत आहे. विषय आहे वस्तीची सभा. तीच ती, समाज भवनात रविवारी होते, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक माईक जो कधीच नीट चालत नाही, आणि शेवटी चहा. आपल्या वयाचे लोक तिथं फक्त खुर्च्या लावायला बोलावले जातात.

तरी मला वाटतं की या वर्षी आपण तिथं बसलंच पाहिजे. का, ते सांगतो.

आधी थोडा हिशेब. नागपूर महानगरपालिकेत १५१ नगरसेवक आणि ३८ प्रभाग. बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक. मार्च २०२२ मध्ये मागच्या सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक झाली थेट १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे मधली जवळपास चार वर्षं शहर प्रशासकानं चालवलं. आपल्यातले कितीतरी जण मतदार झाले, नोकरीला लागले, आणि त्यांनी नगरसेवक नावाचा माणूस कामावर पाहिलेलाच नव्हता. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती. ३८ नं भागा. एका प्रभागात ६० हजारांहून जास्त माणसं येतात, आणि हा आकडा पंधरा वर्षं जुना आहे. साठ हजार लोक म्हणजे एक तालुक्याचं गाव. त्या गावाला चार प्रतिनिधी, आणि त्यांच्याशी समोरासमोर बोलायची ठरलेली जागा मात्र नाही.

खेड्यात ती जागा आहे. ग्रामसभा. ७३ वी घटनादुरुस्ती झाली, ग्रामसभेचा उल्लेख संविधानात आला, आणि ती १९९३ पासून लागू आहे. त्याच वर्षी शहरांसाठी ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिनं मोठ्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या, पण त्या समितीत बसतात मुख्यतः नगरसेवक. तुम्ही-मी नाही. महाराष्ट्रानं पुढे २००९ मध्ये महानगरपालिकेच्या कायद्यात बदल करून 'क्षेत्रसभा' आणली. कल्पना सोपी आहे. काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र. त्या क्षेत्रातला प्रत्येक मतदार आपोआप सभासद. अध्यक्ष नगरसेवक. काम काय? कोणती कामं आधी हवीत ते सुचवायचं, रस्त्याचे दिवे कुठं लागावेत, नळ कुठं हवा, स्वच्छतागृह कुठं हवं हे सांगायचं, उणिवा दाखवायच्या. कायद्यात हे लिहिलेलं आहे. राज्यातल्या बहुतेक शहरांत ते कागदावरच राहिलं. आता इथं गंमत बघा. ज्या गोष्टीसाठी आपण ट्विटरवर फोटो टाकून अधिकाऱ्यांना टॅग करतो, तिच्यासाठी कायद्यानं आपल्याला खुर्ची दिलेली आहे आणि ती खुर्ची कोणी मांडतच नाही.

आमच्या ले-आउटमध्ये फेब्रुवारीत सभा झाली, ती काही कायद्यातली क्षेत्रसभा नव्हती. रहिवाशांनीच बोलावलेली. (नागपूरबाहेरच्या श्रोत्यांसाठी: आमच्याकडे कॉलनीला ले-आउट म्हणतात. पत्त्यातसुद्धा तेच लिहितात.) नोटिशीवर चार विषय होते. एक, सांस्कृतिक कार्यक्रम आणि समाज भवन. दोन, विकासकामं. तीन, सुरक्षा. चार, वाहतूक. चाळीसेक लोक आले. पहिली पाऊण तास जे झालं ते तुम्ही कुठल्याही वस्तीत पाहिलं असेल. प्रत्येक जण आपल्या फाटकापुढचं बोलत होता. माझ्यापुढचा दिवा. माझ्यापुढचा कचरा. माझ्यापुढे लावलेली शेजाऱ्याची कार. गणपतीच्या डीजेवरून दोन काकाजी एकमेकांवर असे चढले की विषय क्रमांक एक तिथंच संपला.

मग मागच्या रांगेतल्या एक काकू उठल्या. पंचाहत्तरीच्या असतील. त्या म्हणाल्या, "तुमी सगळे बोलून रायले, बोला. पण पाणी कोठून येते आन् कोठं जाते, ते तं कोणी सांगा. मी आली तेव्हा या समाज भवनाच्या मागून नाली वाहे. आता नाली कुठी गेली?"

कोणालाच सांगता आलं नाही. आणि सभेचा रंग बदलला. कारण पाणी म्हटल्यावर नागपुरात एकच तारीख आठवते.

२३ सप्टेंबर २०२३. शनिवार. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला आणि चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला. अंबाझरी तलाव ओसंडला. नाग नदी शहरातून वाहते, हे आपण एरवी विसरलेलो असतो, कारण आपण तिला नालाच म्हणतो. त्या पहाटे तिनं आठवण करून दिली. अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट, शंकरनगरच्या आजूबाजूचा भाग पाण्यात. लोक झोपेत असताना पाणी घरात शिरलं. बोटी काढाव्या लागल्या, लष्कराला बोलवावं लागलं. माणसं गेली. हजारो घरांतलं सामान चिखलात गेलं. कुणाच्या फाइली गेल्या, कुणाचं दुकान गेलं, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिला खांद्यावर घेऊन वरच्या मजल्यावर न्यावं लागलं.

आता त्या रात्रीकडे आपल्या नोटिशीवरचे चार विषय घेऊन बघा.

तलावाच्या सांडव्याजवळ स्वामी विवेकानंदांचा भव्य पुतळा उभारलेला आहे. लोक तिथं फोटो काढतात, संध्याकाळी फिरायला जातात. महापालिकेच्या भाषेत हे सौंदर्यीकरण. म्हणजे विषय क्रमांक एक, कला आणि संस्कृती. पुरानंतर प्रश्न आला की हा पुतळा आणि त्याचा चौथरा ओसंडणाऱ्या पाण्याच्या वाटेत येतो का. पूरग्रस्त रहिवाशांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली, आणि पुतळ्याची जागा, धरणाची मजबुती, नदीचं पात्र, सगळं न्यायालयासमोर आलं. विषय क्रमांक दोन, विकास: नदीकाठी झालेली बांधकामं, अरुंद झालेलं पात्र, पात्रालगतचं मनोरंजन पार्क. विषय क्रमांक तीन, सुरक्षा: रात्री दोन वाजता तलाव भरत असताना खालच्या वस्तीला कळवणार कोण, आणि कसं? विषय क्रमांक चार, वाहतूक: पंचशील चौकातला नाग नदीवरचा पूल त्या पुरात खचला आणि पुढे कित्येक महिने शहराच्या मधोमध वाहनं वळवावी लागली. ज्याच्या घरात थेंबभर पाणी आलं नाही, तोसुद्धा रोज सकाळी त्या पुराची किंमत पेट्रोलमध्ये मोजत होता.

चार विषय. एकच पाणी.

मला आज एवढंच सांगायचं आहे, बाकी सगळी त्याची उदाहरणं. कला, विकास, सुरक्षा, वाहतूक हे कप्पे कार्यालयांसाठी आहेत. पुतळा बसवणाऱ्या विभागाला पुतळा दिसतो. रस्ता करणाऱ्याला रस्ता दिसतो. चारही गोष्टी एकाच वेळी दिसतात फक्त तिथं राहणाऱ्याला. म्हणून वस्तीची सभा लागते. त्या काकूंना जी नाली आठवते, ती कुठल्या विभागाच्या नकाशावर असेलच असं नाही.

नागपुरात हे जरा जास्तच गुंतागुंतीचं आहे, कारण मालक पुष्कळ. महानगरपालिका आहे, तिचे दहा झोन आहेत. तुमचा झोन कोणता, सांगा बरं? लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. माझ्या ओळखीच्या पाच जणांना विचारलं, दोघांना माहीत होता. मग नागपूर सुधार प्रन्यास आहे, १९३६ पासून. शहरातली कितीतरी ले-आउट प्रन्यासच्या हद्दीत आली, कितीतरी आधी अनधिकृत होती आणि गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाली. जुने लोक अजून '५७२ आणि १९०० ले-आउट' असं बोलतात, ते याच यादीवरून. शहराबाहेरच्या पट्ट्यासाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. मोठा रस्ता असेल तर तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. मेट्रोच्या खांबाखालचा भाग महामेट्रोचा. विजेचा खांब महावितरणचा, त्यावरचा दिवा पालिकेचा.

त्यामुळे होतं काय, की तुम्ही खड्ड्याचा फोटो पाठवता आणि उत्तर येतं, 'हे आमच्या अखत्यारीत नाही.' उत्तर खोटं नसतं. ते तिथंच थांबतं, हा त्रास आहे. आमच्या ले-आउटमधला एक चेंबर सात महिने उघडा होता. एका कार्यालयानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं पुन्हा पहिल्याकडे. दरम्यान कोणीतरी त्यात झाडाची फांदी रोवून ठेवली, लाल कापड बांधून. ती फांदी म्हणजे आमच्या वस्तीचं सगळ्यात कार्यक्षम सरकारी खातं होतं.

सिमेंटच्या रस्त्यांचंही घ्या. गेल्या काही वर्षांत शहरभर सिमेंटचे रस्ते झाले. धूळ कमी झाली, खड्डे कमी झाले, हे खरं आहे. पण किती ठिकाणी जुन्या डांबराच्या वरच सिमेंटचा थर चढला आणि रस्ता घराच्या ओट्यापेक्षा उंच झाला. पूर्वी अंगणातलं पाणी रस्त्यावर जायचं, आता रस्त्यावरचं अंगणात येतं. हे काम सुरू व्हायच्या आधी एका माणसानं सभेत उठून विचारायला हवं होतं: नव्या रस्त्याची पातळी किती, आणि माझ्या ओट्याची किती? दोन आकडे. काम झाल्यावर तोच प्रश्न विचारायला वकील लागतो.

आता कोणी म्हणेल, सभेनं होतं तरी काय. दोन उदाहरणं देतो, दोन्ही महाराष्ट्रातली.

पहिलं आपल्या विदर्भातलं. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा-लेखा. नागपूरहून दोनशे किलोमीटरच्या आसपास. पाचशेएक वस्तीचं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तुम्ही ऐकली असेल, ती तिथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, अठराशे हेक्टरच्या आसपास जंगलावर. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी एक. पण मला त्यांची पद्धत जास्त आवडते. ते मतदान करून बहुमतानं ठरवत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात. आणि निर्णयाच्या सभेआधी अभ्यासगट असतो. त्यात विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, प्रश्न विचारायचे, पण तिथं निर्णय घ्यायचा नाही. अभ्यास वेगळा, निर्णय वेगळा. आमच्या सभेत डीजेवरून जे भांडण झालं ना, ते याच कारणानं. कोणालाच आवाजाचा नियम माहीत नव्हता आणि निर्णय मात्र सगळ्यांना पाच मिनिटांत हवा होता.

दुसरं उदाहरण पुण्याचं. पुणे महापालिकेनं २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवायला सुरुवात केली. आपल्या प्रभागातलं छोटं काम अर्जावर लिहून द्यायचं: पदपथ, बाक, दिवे, बसथांबा. ती पद्धत परिपूर्ण नाही, पुष्कळ लोकांना तिची खबरही नसते. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मागणी अंदाजपत्रकाच्या आधी पोचायला हवी. आपल्या पालिकेचं अंदाजपत्रक पाच हजार कोटींच्या वरचं आहे. ते मांडलं गेल्यावर आपण म्हणतो, 'आमच्या वस्तीला काहीच नाही.' मागितलं कधी होतं?

आता एकेक विषय घेऊ.

कला. नागपुरात मोठ्या कार्यक्रमांची कमी नाही. सुरेश भट सभागृह २०१७ मध्ये सुरू झालं, जवळपास दोन हजार आसनांचं. वसंतराव देशपांडे सभागृह आहे, दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्र आहे. पण आठ पोरं एकांकिका बसवायला निघाली तर तालीम कुठं करणार? ले-आउटचं समाज भवन कुलूपबंद, चावी कोणाकडे ते माहीत नाही, लग्नाला मात्र उघडतं. आमच्या सभेत एका बारावीतल्या मुलीनं विचारलं की आठवड्यातून दोन संध्याकाळी दोन तास हॉल मिळेल का. हा माझ्या मते त्या दिवसाचा सगळ्यात चांगला प्रश्न होता, कारण त्याचं उत्तर हो किंवा नाही असंच देता येत होतं.

आणि वस्तीची कला म्हणजे रांगोळी स्पर्धा, हा समज नागपूरकरानं तरी करू नये. आपल्याकडे मारबत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत निघते, १८८० च्या दशकापासून. तिच्यासोबत निघतात बडगे. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, खड्ड्यांचा बडगा. इतवारी-महालाच्या गल्ल्यांतली माणसं कागद, बांबू आणि कापडाचे पुतळे करतात आणि वर्षभरात जे सोसलं ते त्यांच्या गळ्यात पाटी लावून लिहितात. मग सगळ्या गावासमोर मिरवून जाळतात. विचार करा, सव्वाशे वर्षांहून जास्त काळ या शहरात वस्तीची तक्रार वाजतगाजत रस्त्यावर येते आहे. ही कलासुद्धा आहे आणि जनसुनावणीसुद्धा. फक्त जाळल्यावर तिची नोंद कुठं राहत नाही. मला तर वाटतं, त्या दिवशी जेवढे बडगे निघतील त्यांच्या पाट्यांची यादी करून दुसऱ्या दिवशी झोनच्या कार्यालयात द्यावी.

सुरक्षा. हा शब्द आला की सभेत एकच मागणी येते, सीसीटीव्ही लावा. लावा ना, हरकत नाही. पण कॅमेरा घडलेलं दाखवतो. आमच्या सभेत दोन ताईंनी वेगळं सांगितलं. बसथांब्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर सलग तीन खांबांवर दिवे नाहीत, आणि त्याच पट्ट्यात रिकामा प्लॉट आहे. त्या रोज लांबच्या रस्त्यानं येतात, बारा मिनिटं जास्त लागतात. चाळीस लोकांतल्या पुरुषांपैकी एकालाही ती बारा मिनिटं माहीत नव्हती. नागपूर पोलिसांनी डिसेंबर २०१९ मध्ये रात्री ९ ते पहाटे ५ या वेळात अडकलेल्या महिलांना मोफत घरी सोडायची सोय सुरू केली होती, त्याचं कौतुक देशभर झालं. अशा सोयी हव्यातच. पण संध्याकाळी सात वाजता क्लासवरून येणाऱ्या मुलीला पोलिसांची गाडी नको असते, तिला तीन दिवे हवे असतात.

सुरक्षेचा आणखी एक पदर आहे, तो टाळून चालणार नाही. मार्च २०२५ मध्ये महाल आणि हंसापुरी भागात दंगल झाली, काही भागांत दिवसेंदिवस संचारबंदी होती. अशा वेळी व्हॉट्सअॅपवर काय काय फिरतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. भिवंडीचा दाखला इथं आठवावा. १९८४ ला भिवंडीत भीषण दंगल झाली. १९८८ नंतर सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांतले साधे लोक, सोबत पोलीस, नियमित बैठक, नळावरच्या आणि गटाराच्या भांडणापर्यंत सगळं तिथं. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. गटारावर एकत्र बसलेली माणसं अफवेच्या रात्री एकमेकांना फोन करू शकतात. ज्यांच्याकडे नंबरच नाही, ते काय करतील?

वाहतूक. आपल्याकडे मेट्रो आहे. ११ डिसेंबर २०२२ ला पहिला टप्पा पूर्ण झाला. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर, दोन्ही मार्ग सीताबर्डीला भेटतात. मेट्रो महामेट्रोची, 'आपली बस' महापालिकेची, ऑटोचा थांबा आणि वाहतुकीचे नियम पोलिसांच्या वाहतूक शाखेकडे. आणि स्टेशनपासून घरापर्यंतचा दीड किलोमीटर कोणाचा? तो कोणाचाच नाही. म्हणून तर घरोघरी दोन-दोन गाड्या, आणि त्या गाड्या लावायला जागा नाही म्हणून सभेत भांडण. पार्किंगच्या भांडणाचं मूळ बसच्या वेळापत्रकात आहे, हे एकदा फळ्यावर लिहिलं की शेजारी शेजाऱ्याचा शत्रू राहत नाही.

तर मग करायचं काय? मी दिवसभर सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्याकडे कोणी नुसतं 'अॅप चालत नाही' असं लिहून पाठवलं तर त्यावर काम होत नाही. कुठल्या स्क्रीनवर, काय केल्यावर, कधीपासून, हे लागतं. मग ते काम एका माणसाच्या नावावर पडतं, त्याला क्रमांक मिळतो. सभेतल्या प्रत्येक तक्रारीला हेच लावा. चार रकाने. नेमकी जागा, म्हणजे खांबाचा नंबर किंवा घर क्रमांक. हे कोणत्या कार्यालयाचं. आपल्यापैकी कोण पाठपुरावा करणार. पुढची तारीख. ज्या तक्रारीला दुसरा रकाना भरता येत नाही, ती वेगळी ठेवा, आणि 'हे कोणाचं आहे' एवढंच विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज द्या. दहा रुपये लागतात. 'आमच्या अखत्यारीत नाही' हे लेखी मिळालं तर तेही उपयोगाचं, कारण मग उरलेल्याकडे बोट दाखवता येतं.

आम्ही त्या सभेत असे सतरा मुद्दे लिहिले. दोन महिन्यांत सहा झाले. तीन दिव्यांपैकी दोन लागले, चेंबरवर झाकण आलं, मुलांना मंगळवार-शुक्रवार हॉल मिळाला. अकरा राहिले. नाली अजून सापडलेली नाही. पण काकूंनी आणि आणखी तिघा-चौघा जुन्या रहिवाशांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही ती मोबाइलमधल्या नकाशावर रेघ मारून काढली, आणि २०२३ च्या पावसात कुणाच्या भिंतीवर पाण्याची खूण कुठवर होती तेही घरोघर जाऊन टिपलं. रेघ आणि खुणा जुळल्या. तो कागद आता झोनच्या कार्यालयात आवक क्रमांकासह जमा आहे.

आणखी एक गोष्ट, कायद्यानं आपलं म्हणणं मागवायच्या काही खिडक्या ठेवल्या आहेत आणि त्या थोडे दिवसच उघड्या असतात. विकास आराखड्यात बदल करायचा असेल तर सूचना-हरकती मागवतात, मुदत बहुतेकदा महिन्याभराची. झाडं तोडायची तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे जाहीर नोटीस द्यावी लागते, झाडावरही लावावी लागते. अजनीच्या रेल्वे कॉलनीतली हजारो झाडं नव्या स्टेशन प्रकल्पासाठी जाणार होती. २०२१ मध्ये लोकांनी मोठ्या संख्येनं हरकती नोंदवल्या, त्यात आपल्या वयाची मुलं होती. प्रकरण न्यायालयात गेलं आणि ती मूळ योजना पुढे बाजूला पडली. 'अजनी वन' हे नाव सरकारनं दिलेलं नाही, लोकांनी दिलं. ती नोटीस कोणीतरी वेळेत वाचली, तिथून सगळं सुरू झालं. आपल्या वस्तीत नोटिसा वाचायचं काम एका माणसानं घ्यावं. आठवड्याला वीस मिनिटं.

आता सभेबद्दल मनात येणाऱ्या शंका. 'तिथं चार दांडगे लोकच बोलतात.' बरोबर. म्हणून आधी चिठ्ठ्या घ्या, मग माईक द्या. 'बाया येत नाहीत.' वेळ बघा ना. रविवारी संध्याकाळी सात म्हणजे स्वयंपाकाची वेळ. सकाळी अकराला ठेवा. 'भाड्यानं राहणाऱ्यांना कोण विचारतं?' विचारलंच पाहिजे. दिवा नसलेल्या रस्त्यावरून तेही चालतात. घरकामाला येणाऱ्या ताई, सुरक्षारक्षक, भाजीवाला दादा, वस्ती रोज पायी पाहणारे तेच. 'व्हॉट्सअॅप ग्रुप आहे की.' ग्रुपवर सुप्रभात येतं आणि राग येतो. निर्णयाला समोरासमोर बसावं लागतं.

आणि नव्या नगरसेवकांकडे एकच लेखी मागणी करा: आमच्या क्षेत्राची क्षेत्रसभा घ्या. २००९ चा कायदा आहे, नवीन काही मागत नाही. पुढच्या पावसाळ्याच्या आत पहिली सभा झाली तर विषयपत्रिकेवर पहिला विषय कोणता असावा, हे अंबाझरीखालच्या कुठल्याही घरातली भिंत सांगेल.

या आठवड्याचं काम तीन मिनिटांचं. आपला झोन कोणता, प्रभाग क्रमांक किती, आणि घराजवळचं पाणी उतारानं कुठं जातं, हे शोधून ठेवा. तिसरं कळत नसेल तर शेजारच्या काकूंना विचारा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.